जिवंत सापडलेली एकच

काका,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. घर आवरायला तुमचा अनिरुद्ध फ्रिस्कोहून आलाय. त्याची बायको मुलांच्या शाळेमुळे परत गेली, म्हणून आम्ही दोघंच आहोत. तो वरच्या खोल्या बघतोय आणि मला त्याने गॅरेज दिलंय. "तिथलं काय ठेवायचं, काय टाकायचं, ते तुलाच कळेल," म्हणाला. मला काही कळत नाही. दार वर सरकवलं तर समोर तीन माणसं आडवी पडलेली. दचकलेच. मग लक्षात आलं, ती तुमची बाहुली. जुन्या पँटी आणि ह्यूस्टनच्या काळातले अर्ध्या बाह्यांचे शर्ट, आत फोम आणि चिंध्या ठासून भरलेल्या, हातशिलाई केलेली. बर्फात पुरून शिकाऊ लोकांना सळईने शोधायला लावायचात ती. एकाच्या खिशाला अजून तुमचं पेन आहे. तेवढं मी काढून घेतलं. बाकी बाहुल्यांना हात लावलेला नाही.

गेली चार वर्षं तुमच्याशी बोलायची सवय मोडली, ती माझ्यामुळे. रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा आणि मी फ्रीमाँटच्या घरात ओट्याशी उभी राहून तो वाजताना बघत राहायचे. नंतर मेसेज टाकायचे, "मीटिंगमध्ये होते काका, नंतर करते." रविवारी कसली मीटिंग, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा फोन.

आणि शेवटी मी आले ती अशी. स्वयंपाकघरात तुम्ही पडलात, शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, अनिरुद्धने मला कळवलं आणि मी मिळेल ते विमान पकडलं. दोन दिवस तुमच्या उशाशी बसले. डॉक्टर म्हणाले, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. मी काय बोलले असेन? विमानाला उशीर झाला, डेन्व्हरला अजून म्हणावी तशी थंडी नाही, तुमच्या अंगणातल्या झाडाची पानं कोणी गोळा केली नाहीत. जे सांगायचं होतं ते ओठांपर्यंतसुद्धा आलं नाही. तुमचा हात हातात होता, मऊ आणि गरम होता, आणि मी पानांबद्दल बोलत होते.

तुमच्या बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदा राहायला आले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. नागपूरहून एमएस करायला आलेली, दोन सुटकेसा आणि एक प्रेशर कुकर. वर तुम्ही आणि कुमुदकाकू. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या दमट उकाड्यात वीस वर्षं काढून काकूंनी हट्टाने तुम्हाला कोलोरॅडोला आणलं होतं. म्हणायच्या, "निवृत्तीनंतर तरी मला घामाघूम करू नका." भाडेकरू म्हणून आलेली मी महिनाभरात वरच जेवायला लागले. डिग्री झाली, नोकरी लागली, तरी मी बेसमेंट सोडलं नाही.

तुमच्या गप्पा मात्र जमिनीखालच्या. धरणांच्या कामावर माती तपासण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली होती, पुढे ह्यूस्टनलाही तेच काम. जमिनीत सळई ठोकायची आणि खाली काय आहे ते ओळखायचं. मला एकदा अंगणात लोखंडी गज देऊन तुम्ही शिकवलंत: चिकणमातीत गप्प जाते, मुरमात करकरते, कातळाला लागली की मनगटात झिणझिण्या. "डोळे मीट," म्हणालात, "हाताला कळतं." इकडे आल्यावर माती संपली आणि तुम्ही बर्फ टोचायला लागलात. ती घडीची सळई विकत आणलीत, तंबूच्या काठीसारखी तुकड्यातुकड्यांची, आतून दोरी असलेली. झटका दिला की पुरुषभर उंचीच्याही वर जाणारी सरळ काठी. त्यावर सेंटिमीटरच्या खुणा. हिंडायला गेलो की जागोजागी थांबून तुम्ही बर्फाची खोली मोजायचात. ती आणि एक छोटं फावडं, एवढं तुमच्या पाठीवर कायम. काकू हसायच्या. म्हणायच्या, "यांचं सासर आहे बर्फाखाली. दार वाजवल्याशिवाय पुढे जात नाहीत."

त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. आज मी सांगते, मला आठवतं तसं. चुकलं तर दुरुस्त करायला तुम्ही नाही.

तीन दिवस बर्फ पडून चौथ्या दिवशी आकाश निळंशार झालं होतं. शनिवार होता. बर्फातून चालायचे ते रुंद तळांचे बूट घालून आपण तिघं गोठलेल्या तळ्याकडे निघालो. वाट ओळखीची, उन्हाळ्यात दहा वेळा केलेली. गाडीतून उतरल्यावर कळलं की मी टोपी घरी विसरलेय. काकूंनी स्वतःच्या डोक्यावरची काढून माझ्या डोक्यात घातली. त्यांनीच विणलेली, लालभडक, कानांवर येणारी. स्वतः मफलर गुंडाळला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तू नागपूरची, तुला थंडी जास्त."

एका ठिकाणी वाट उघड्या उताराच्या पायथ्याखालून जाते. तुम्ही पुढे होतात, ती जागा ओलांडून झाडांत पोचला होतात. मधे मी आणि माझ्या मागे काकू. त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या, मी वळून उत्तर दिलं, आणि पायाखालची जमीन जशी एकदम खाली बसली. आवाज मोठा नव्हता. जड गादी टाकल्यासारखा. मग वर पाहिलं तर अख्खा उतार हलत होता.

आत असताना काय होतं हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. थांबेपर्यंत बर्फ पाण्यासारखा असतो, काका, थांबला की सिमेंट. डोळ्यांसमोर राखाडी अंधार. वर कुठे, खाली कुठे, कळत नव्हतं. एक हात डोक्याच्या वर अडकला होता, दुसरा पोटाखाली. बोटसुद्धा हलत नव्हतं. मी ओरडत होते. नंतर मला कळलं की आतला आवाज बाहेर जात नाही, पण बाहेरचा आत येतो. मला तुमची पावलं ऐकू आली. आधी लांब, मग अगदी डोक्यावर. तुम्ही "कुमुद! कुमुद!" अशा हाका मारत होतात. मी मोठ्याने ओ देत होते आणि तुम्हाला ऐकू जात नव्हतं. मग पाठीत, उजव्या खांद्याखाली, काहीतरी बोचलं. क्षणभर थांबलं, थोडं मागे गेलं, पुन्हा हळूच टेकलं. एकदा, दोनदा. तुम्ही ओळखत होतात, कातळ आहे, लाकूड आहे की माणूस.

मधलं मला आठवत नाही. शुद्ध गेली असावी. पुढचं आठवतं ते एकदम डोळ्यांवर आलेलं ऊन आणि उलटा दिसणारा तुमचा चेहरा. चष्मा नव्हता. भुवयांवर बर्फ. तुमचं बोट माझ्या तोंडातला बर्फ काढत होतं. आणि तुम्ही म्हणालात, "कुमुद?"

मी म्हणाले, "मी… रेवती आहे, काका."

तुम्ही मान हलवलीत. तुम्ही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "काकू माझ्या मागे होत्या." तुम्ही मला कमरेपर्यंत मोकळं केलंत, तुमचं जाकीट माझ्यावर टाकलंत, फावडं माझ्या हाताशी ठेवलंत आणि सळई उचलून गेलात. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मला उठता येत नव्हतं. मी त्या खड्ड्यात बसून तुम्हाला बघत राहिले. स्वेटरवर होतात. आधी हाका मारत होतात, मग त्याही थांबवल्यात, फक्त आकडे मोजत होतात. एक. दोन. तीन. एक पाऊल. एक. दोन. तीन. मला वाटलं मी मदत करावी. हात वर केला तर डोळ्यांसमोर अंधारी आली. आलो त्या वाटेच्या बाजूने तुम्ही ओळी धरल्या होत्यात, कारण मी सांगितलं होतं, मागे. काकू मागे नव्हत्याच. त्यांना बर्फाच्या लोटाने माझ्यावरून पुढे, खालच्या झाडांपर्यंत नेलं होतं.

अर्ध्या-पाऊण तासाने दोन स्कीवाले आले, त्यांच्याकडच्या यंत्रावरून निरोप गेला, मग काउंटीचं शोधपथक आलं. मला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. पुढचं मला डेलने सांगितलं, पथकाच्या म्होरक्याने, तुमच्या अंत्यविधीच्या दिवशी, बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून. साठी उलटलेला, आडदांड माणूस, बोलताना टोपी हातात चुरगाळत होता. म्हणाला, घरच्या माणसाला आम्ही ओळीत घेत नाही. पण श्रीधर म्हणाला, मी तीस वर्षं जमिनीत सळया घातल्यात, मला कुठेही उभं करा, पण उभं करा. मग खांद्याला खांदा लावून वीस माणसांची ओळ लागली. डेल ओरडायचा, खाली. वीस सळया खाली. वर. वीस सळया वर. एक पाऊल पुढे. दोन तास असं चाललं. तुमच्यापासून चौथ्या जागी एक शाळामास्तर होता, त्याच्या सळईला मऊ लागलं. दोन मीटरच्याही खाली. डेल म्हणाला, "त्याने हात वर केला आणि मी श्रीधरकडे पाहिलं. त्याने आपली सळई बर्फात सरळ रोवून ठेवली, हातमोजे काढले आणि तिकडे चालत गेला. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही."

लाल टोपीचं मला हॉस्पिटलमध्ये कळलं. लोटात ती माझ्या डोक्यावरून निघून वरच राहिली होती. झाडांतून धावत आलात तेव्हा एवढ्या मोठ्या पांढऱ्या उतारावर तुम्हाला एकच गोष्ट दिसली, तुमच्या बायकोची टोपी. म्हणून तिथे सळई टोचलीत. म्हणून मी सापडले.

काकूंच्या शोकसभेत कोणीतरी, मराठी मंडळातल्याच एक बाई, पाणी पिता पिता दुसरीला म्हणाल्या, "टोपीमुळे घोळ झाला म्हणे. नाहीतर कुमुद वाचली असती." मी त्यांच्या मागेच उभी होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांना दिसले नाही. अनिरुद्ध त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हता. तुम्ही मात्र घरी आल्यावर मुगाची खिचडी टाकलीत. मीठ दोनदा पडलं होतं. आपण दोघांनी ती संपवली.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. कधी मोठ्याने नाही, पण सुरूच राहिलं. मी म्हणायचे, टोपी नसती तर तुम्ही आधी खालच्या झाडांपाशी शोधलं असतं. लोट थांबतो तिथेच माणूस सापडतो, हे तुम्हाला कळलं असतं. तुम्ही म्हणायचात, "टोपी नसती तर मी कुठेही टोचत बसलो असतो आणि दोघी गेल्या असत्या. दोन मीटर खोल मला एकट्याला सापडलीच नसती आणि सापडली असती तरी खणून काढली नसती. साधं गणित आहे." एकदा मी चिडून म्हणाले, "काका, हे गणित नाहीये. ह्या काकू आहेत!" तुम्ही ताट उचलून सिंकमध्ये ठेवलंत आणि नळ सोडून पाठमोरे उभे राहिलात. बराच वेळ पाणी वाहत होतं. त्यानंतर तो विषय निघाला नाही. संपला मात्र नव्हता.

तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला आज कळतं. तुम्ही मला सोडवायला बघत होतात. पण मला सुटायचं नव्हतं, कारण माझ्या कानात तुमचा तो एक शब्द होता. "कुमुद?" बायको समजून खणत आलात आणि निघाली भाडेकरू. तुमच्या तोंडावर तेव्हा काय उमटलं असेल ते उन्हामुळे मला दिसलं नाही, पण मी ते रोज बघत होते. तुम्ही मला चहा द्यायचात तेव्हा, डॉक्टरकडे न्यायचात तेव्हा, "खांदा कसाय?" विचारायचात तेव्हा. तुमच्या चांगुलपणाचा मला राग यायला लागला. वर्ष व्हायच्या आत मी फ्रीमाँटची नोकरी धरली. विमानतळावर तुम्ही म्हणालात, "येत जा." मी "हो" म्हणाले.

मग कळलं की तुम्ही शोधपथकात नाव घातलंत. चौसष्टाव्या वर्षी. त्या दिवशी मात्र मी आपणहून फोन केला. ओरडलेच तुमच्यावर. "तुम्हाला काय सिद्ध करायचंय? कोणाला दाखवायचंय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काही नाही गं. सळई टोचता येते मला. दुसरं काय येतं?"

तुम्ही पोरासोरांना शिकवायला लागलात. पार्किंगच्या कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात तुमची बाहुली पुरायची, त्यांच्या शेजारी लाकडाचे ओंडके, भरलेल्या सॅका, आणि डोळे मिटून ओळखायला लावायचं. डेल म्हणाला, सगळे शिकवतात की लागलं की ओरडा. श्रीधर वेगळं शिकवायचा. तो म्हणायचा, लागलं की सळई काढू नका. काढलीत तर ती जागा पुन्हा सापडत नाही. तिथेच राहू द्या आणि उताराच्या खालच्या अंगाने खणा.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. रविवार होता, फोन वाजला आणि का कोण जाणे मी उचलला. तुमचा आवाज दमलेला. म्हणालात, आदल्या दिवशी शोधायला गेलो होतो, तेवीस वर्षांचा मुलगा होता, सापडला. मी विचारलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "मग काय. चार वेळा गेलो आतापर्यंत, सगळे असेच सापडले. आयुष्यात जिवंत सापडलेली तू एकच."

तुम्ही थांबलात. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होतात. आणि मी म्हणाले, "काका, आवाज तुटतोय. नेटवर्क नाहीये. नंतर करते."

नेटवर्क होतं. मी खिडकीत उभी होते आणि समोरच्या टाउनहाउसच्या दारात एक बाई पार्सल उचलत होती, इतकं सगळं स्वच्छ आठवतंय. नंतर मी फोन केला नाही.

आज दुपारी गॅरेजमधल्या कपाटात एक फाइल सापडली. त्या अपघाताचा काउंटीचा अहवाल, आणि मागे टाचलेला तुमचा जबाब. हाताने लिहिलेला, तुमच्या त्या ठाशीव इंग्रजी अक्षरांत, मुद्द्यांना आकडे घालून. धरणाच्या कामाचा रिपोर्ट असावा तसा. मी उभ्या उभ्या वाचला. टोपी दिसली. टोपीभोवती टोचायला सुरुवात केली. अकराव्या ठिकाणी सळईला मऊ लागलं. आणि मग पुढचा मुद्दा. इंग्रजीतलं मराठीत सांगते: "आधी एक हात उघडा पडला. हातमोजा जांभळा होता. माझ्या पत्नीचे हातमोजे काळे होते. मी खणत राहिलो."

बस, एवढंच. पुढच्या मुद्द्यात तुम्ही खड्ड्याची मापं दिली आहेत.

मी फाइल घेऊन तिथेच फरशीवर बसले, तुमच्या बाहुल्यांशेजारी. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चेहरा दिसायच्या कितीतरी आधी तुम्हाला माहीत होतं की ही कुमुद नाही. हात मोकळा झाल्यापासून चेहरा मोकळा होईपर्यंत किती फावडी लागली असतील? त्या प्रत्येक फावड्याला तुम्हाला माहीत होतं. सळई उचलून दुसरीकडे जाता आलं असतं. कोणी बघत नव्हतं. कोणी नावं ठेवली नसती, मीसुद्धा नाही, मी नसतेच. आणि तुम्ही त्या जांभळ्या हातमोज्याखाली खणत राहिलात. "कुमुद?" असं तुम्ही म्हणालात ते मला काकू समजून नाही. कुमुद कुठे आहे, असं विचारत होतात. दम लागलेला, दोन शब्द जास्त बोलायला वेळ नव्हता. आणि मी तुम्हाला माझं नाव सांगितलं.

पाच वर्षं, काका! एकदा विचारलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत कारण मला असं काही वाटत असेल हे तुमच्या मनातही आलं नसणार. तुमच्या लेखी ते जबाबात आलं होतं. मला तुमचा राग आला. तुमच्यावर मी खेकसलेसुद्धा, गॅरेजमध्ये एकटीच. मग रडू आलं, आणि ते आवरेना.

आवाज ऐकून अनिरुद्ध खाली आला. मी त्याच्या हातात कागद दिला. त्याने उभ्यानेच वाचला, परत दिला, वर गेला आणि दोन कप चहा करून घेऊन आला. गॅरेजच्या पायरीवर बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईचं शेवटचं बोलणं तुझ्याशी झालं ना? ती काय म्हणाली, मी कधी विचारलंच नाही. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मला माहीत नाही, रेवतीला विचार. आणि तुला विचारायचं म्हणजे… आय वॉज सो अँग्री, यार. तुझ्यावर, बाबांवर, सगळ्यांवर."

मी त्याला सांगितलं. तुम्हाला जे उशाशी बसून सांगता आलं नाही, तेच. काकू त्या उताराखाली पोचल्यावर थांबल्या होत्या. म्हणाल्या, "रेवती, यांना हाक मार. म्हणावं, फिरा आता मागे. मला पुढे जायला नको वाटतंय आणि माझा गुडघाही बोलायला लागलाय." आणि मी वळून म्हणाले, "अहो काकू, तळं आलंच की, पाचच मिनिटं. चला ना." मला तळ्यावर फोटो काढायचा होता. काकू हसल्या. "चल बाई," म्हणाल्या, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

अनिरुद्ध चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय कळेना. म्हणाला, "शी ऑलवेज वॉन्टेड टू टर्न बॅक. सगळीकडून. डिस्नीलँडच्या गेटवरूनसुद्धा परत चला म्हणाली होती. आणि प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, पाचच मिनिटं." मग तो खरंच रडला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने मला पायरीवर जागा करून दिली.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "हे बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "की नाही झालं. आय डोन्ट नो."

मलाही माहीत नाही, काका. एकदा तुम्ही मला म्हणाला होतात, "मी मातीचा माणूस. तो उतार मला दिसला नाही असं मी कसं म्हणू? दिसला होता. ओळखीची वाट म्हणून चालत राहिलो." सगळा दोष तुम्ही एकट्याने घेतला होतात. त्यातला थोडा माझा होता. तो मी वेळेवर उचलला असता तर तुमचं ओझं हलकं झालं असतं, की काकूंना परत यायचं होतं हे कळून तुम्ही पुरते मोडून पडला असतात, याचा विचार करत मी पाच वर्षं गप्प बसले. तुमच्या काळजीपोटी गप्प आहे, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे, ऐकून तुम्ही मला "येत जा" म्हणणं बंद कराल, याची भीती होती.

तुम्ही बंद केलं नसतंत. हे मला आज त्या कागदावरून कळलं. ते कळायला तुम्हाला जावं लागायला नको होतं.